एच. एम.ची केस वर्गात शिकवताना: मिरर ड्रॉइंगचा प्रयोग कसा लावावा?

शाईपेन

दुसऱ्या वर्षाच्या मानसशास्त्राच्या वर्गाला 'स्मृती' हे प्रकरण शिकवायचं आहे. पुस्तकात एच. एम. या रुग्णावर जेमतेम अर्धं पान आहे: हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आत खोलवर असलेला एक भाग) काढला, नव्या आठवणी बनणं थांबलं, तरी आरशात बघून चांदणी गिरवायला तो शिकला. एवढं वाचून मुलांची समजूत होते की हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींचं कपाट, आणि ते काढलं की आतलं सामान गेलं.

प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये मिरर ड्रॉइंग आहेच, पण ते डाव्या-उजव्या हाताच्या संक्रमणासाठी, म्हणजे एका हाताने शिकलेलं दुसऱ्याला किती उपयोगी पडतं ते बघण्यासाठी. तेच साहित्य वापरून एच. एम.चा मुद्दा दाखवता येईल का? वर्गात ४० मुलं, तास ५० मिनिटांचा. आणि 'कपाट नाही' हे नुसतं सांगण्यापेक्षा कशावरून नाही, हेही कोणी नीट सांगितलं तर बरं होईल.

कडुनिंब

आधी कपाटाचं बघू.

एच. एम. म्हणजे हेन्री मोलेझन. डिसेंबर २००८मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर त्याचं नाव जाहीर झालं. शस्त्रक्रिया १९५३ सालची, अमेरिकेतल्या हार्टफर्डमधली, शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा (कानांजवळच्या मेंदूच्या भागाचा) आतला भाग काढला. त्या वेळी तो २७ वर्षांचा होता. मॉन्ट्रिअलहून मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला आल्या आणि १९५७मध्ये स्कोव्हिल-मिल्नर यांचा शोधनिबंध आला.

आता पुस्तकं जिथे घाई करतात तो भाग. 'हिप्पोकॅम्पस काढला' हे पूर्ण खरं नाही, आणि 'फक्त हिप्पोकॅम्पस काढला' हे तर अजिबातच नाही. स्कोव्हिलचा अंदाज होता की प्रत्येक बाजूला सुमारे ८ सेंमी भाग निघाला. १९९०च्या दशकात एमआरआय झाला तेव्हा दिसलं की ५ सेंमीच्या आसपासच निघाला होता. हिप्पोकॅम्पसचा मागचा जवळपास २ सेंमी भाग जागेवरच होता. पण ॲमिग्डाला (भीतीसारख्या भावनांशी संबंधित भाग) बहुतेक सगळा गेला होता आणि एन्टोरायनल कॉर्टेक्सही जवळपास संपूर्ण. कॉर्टेक्सकडून (मेंदूच्या बाहेरच्या थराकडून) हिप्पोकॅम्पसकडे जाणारी माहिती मुख्यतः याच एन्टोरायनल कॉर्टेक्समधून जाते. म्हणजे मागची टाकी उरली, पण मेन लाइनच कापली गेली. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करण्यात आले, त्यांवरूनही उरलेल्या भागाची खात्री झाली.

मग 'हिप्पोकॅम्पसमुळे' असं म्हणायला आधार काय? त्यासाठी आर. बी. नावाची दुसरी केस वर्गात सांगाच. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तपुरवठा कमी पडून त्याची स्मृती बिघडली. पुढे मेंदू तपासला तेव्हा हिप्पोकॅम्पसच्या सीए१ या एका पट्ट्यातल्या पेशी दोन्ही बाजूंना संपूर्ण मेलेल्या आढळल्या. स्मृतिभ्रंशाचं कारण ठरावं असं दुसरं नुकसान नव्हतं. हा अहवाल १९८६चा. त्याचा स्मृतिभ्रंश खराच होता, पण एच. एम.इतका तीव्र नव्हता. या दोन केसेस शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं: हिप्पोकॅम्पस गेला की बिघाड होतो, भोवतालचा कॉर्टेक्सही गेला की तो कितीतरी वाढतो.

आता एच. एम.कडे काय उरलं ते बघा. ऐकलेले आकडे लगेच परत म्हणणं सर्वसाधारण माणसासारखं. बुद्ध्यंक शाबूत. भाषा शाबूत. लहानपणचं घर, शाळा, नातेवाईक हे सगळं आठवायचं. कपाट काढलं असतं तर हे सामान राहिलं कुठे? म्हणून हिप्पोकॅम्पसचं काम साठवणीपेक्षा बांधणीचं आहे असं मानतात. एका प्रसंगातलं दृश्य, आवाज, वास, जागा हे कॉर्टेक्सच्या वेगवेगळ्या भागांत नोंदलं जातं आणि त्यांना एकत्र गुंफणारा धागा हिप्पोकॅम्पसकडे असतो.

तो धागा कायम लागतो की काही वर्षांनी कॉर्टेक्स आपलं आपण सांभाळतं, यावर मात्र आजही दोन तट आहेत. जुना पक्ष म्हणतो, आठवण हळूहळू कॉर्टेक्सच्या हवाली होते. १९९७मध्ये नेडल आणि मोस्कोव्हिच यांनी मांडलेला पक्ष म्हणतो, सारांश कॉर्टेक्सच्या हवाली होतो, पण 'तिथे उभं राहून पाहिल्यासारखा' तपशीलवार प्रसंग आठवायला हिप्पोकॅम्पस कायमच लागतो. पुढे जास्त बारकाईने विचारलं तेव्हा एच. एम.लाही जुन्या आयुष्यातली माहिती भरपूर सांगता यायची, प्रसंग मात्र अगदी मोजके. हे दुसऱ्या पक्षाच्या पारड्यात पडतं. वर्गात दोन्ही बाजू सांगा, निकाल लावू नका.

आणि एक केस फळ्यावर लिहायलाच हवी: के. एफ., शॅलिस आणि वॉरिंग्टन, १९७०. याचं बरोबर उलटं. लगेच परत म्हणायला सांगितलं तर दोन-तीन आकड्यांच्या पुढे गाडी जायची नाही, पण दीर्घकालीन शिकणं ठीक. नुसता एच. एम. असता तर 'कठीण ते गेलं, सोपं ते राहिलं' असं म्हणता आलं असतं. उलट्या केसमुळे ती पळवाट बंद होते.

मोजपट्टी

प्रयोगाचं मी सांगतो. जर्नलमधला आराखडा जसाच्या तसा चालणार नाही. त्यात डाव्या हाताने एक प्रयत्न, उजव्याने दहा, पुन्हा डाव्याने एक, सगळं एकाच बैठकीत. तुम्हाला दाखवायचंय की कौशल्य रात्रभर टिकतं. मिल्नर यांनी एच. एम.कडून हे सलग तीन दिवस करून घेतलं. तेव्हा तीन दिवस, रोज दहा प्रयत्न, तोच हात, तीच चांदणी, सुरुवातीचा बिंदू तोच, दिशा तीच.

साहित्य: ए४ कागदावर पाच टोकांची दुहेरी रेषेची चांदणी, बाहेरची रुंदी १५ सेंमी, दोन रेषांमध्ये ६ मिमी. ४ मिमी ठेवली तर पहिल्या दिवशी मुलं रडकुंडीला येतात, १० मिमी ठेवली तर तिसऱ्या प्रयत्नापासून चुका शून्य आणि आलेख सपाट. आरसा साधारण २० × ३० सेंमी, कागदाच्या पलीकडच्या कडेला टेबलाशी काटकोनात उभा. हातावर पुठ्ठ्याचा आडोसा, टेबलापासून १५-२० सेंमी उंच: हात थेट दिसू नये, आरशात पूर्ण दिसावा. बसणाऱ्याची उंची बदलली की आडोसा सरकवावा लागतो, म्हणून तो चिकटवू नका, दोन्ही बाजूंना पुस्तकांची चळत लावून त्यावर ठेवा.

ॲक्रिलिकचा आरसा स्वस्त पडतो, पण तो वाकतो आणि सरळ रेषा पोट काढते. काचेचाच घ्या. त्यातही जाड काचेत पुढच्या पृष्ठभागाचं फिकट दुसरं प्रतिबिंब दिसतं, तेव्हा चांदणी ठळक काळी छापा आणि गिरवायला लाल पेन द्या. मोबाइलचा पुढचा कॅमेरा आरशासारखा वापरायची कल्पना कोणीतरी काढेलच. नको. त्यात डावं-उजवं उलटतं, उभ्या आरशात पुढचं-मागचं उलटतं. शिवाय चित्र किंचित उशिरा येतं आणि ती वेगळीच अडचण होते.

हे पुढचं-मागचं प्रकरण मुलांना आधी सांगू नका, त्यांनाच शोधू दे. आडव्या रेषेवर कोणी अडत नाही. तिरप्या रेषेवर सगळे अडकतात, कारण हालचालीचा एक घटक बरोबर चालतो आणि दुसरा उलटा. चांदणीत बहुतेक रेषा तिरप्याच, म्हणून चांदणी. चौकोन दिलात तर प्रयोग फसतो.

मोजणी: रेषा ओलांडून बाहेर गेलं की एक चूक, परत आत येणं मोजायचं नाही. दोन रेषांच्या मधल्या पट्टीतून कडेला नुसतं टेकलं तर चूक नाही. पेन उचलायचं नाही. उचललं तर जिथून उचललं तिथेच टेकवायचं आणि घड्याळ चालू ठेवायचं. वेळ सेकंदांत. चुका आणि वेळ दोन्ही नोंदवा. काही मुलं घाईने वेळ खाली आणतात आणि चुका वाढतात. फक्त वेळेचा आलेख काढला तर हे 'शिकणं' वाटतं.

४० मुलांच्या २० जोड्या करा, एक गिरवणारा, एक मोजणारा. पहिल्या प्रयत्नाला दोन-तीन मिनिटं लागू शकतात, दहाव्याला मिनिटाच्या आत होतं. तेव्हा पहिल्या दिवशी एका तासात जोडीतल्या एकाचेच दहा प्रयत्न बसतील. दोघांचे बसवायचा हट्ट धरला की मधली विश्रांती कापली जाते आणि हात दमल्याने शेवटच्या प्रयत्नांत चुका वाढतात. जोडीदाराला दुसऱ्या आठवड्यात बसवा. त्याने समोरच्याला तीन दिवस पाहिलेलं असतं, त्याचा आलेख वेगळा काढा, एकत्र मिसळू नका.

आता खरी मेख. तुमच्या मुलांचा हिप्पोकॅम्पस शाबूत आहे. त्यांना तीनही दिवस नीट आठवणार. त्यामुळे या प्रयोगातून 'दोन स्मृती वेगळ्या' हे सिद्ध होत नाही, फक्त एच. एम.च्या आलेखाशी ताडून बघायला एक आलेख मिळतो. तो आलेख काढताना दिवसांच्या सीमेवर उभी तुटक रेषा मारायला विसरू नका. दुसऱ्या दिवसाचा पहिला प्रयत्न पहिल्या दिवसाच्या पहिल्या प्रयत्नापासून किती दूर आहे, सगळा मुद्दा तिथे आहे. एच. एम. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात केल्यासारखा आला नाही. हे आपण कधी केलंय याची मात्र त्याला आठवण नव्हती.

कडुनिंब

मोजपट्टींच्या शेवटच्या परिच्छेदाला जोड: तिसऱ्या दिवशी गिरवून झाल्यावर प्रत्येकाला दोन प्रश्न लेखी विचारा. 'कसं जमलं ते पाच वाक्यांत लिहा', आणि 'पहिल्या दिवशी तुमच्या टेबलावर आणखी काय काय होतं?' पहिल्याचं उत्तर बहुतेकांना धड देता येत नाही, दुसऱ्याचं देता येतं. सायकल येते पण सांगता येत नाही, त्यातलाच प्रकार. सिद्धता नाही, पण मुलांना फरक हाताला लागतो.

मात्र 'घोषणात्मक' (शब्दांत सांगता येणारी) आणि 'प्रक्रियात्मक' (करून दाखवता येणारी) स्मृती असे दोनच कप्पे फळ्यावर काढून थांबू नका, नाहीतर एका कपाटाची दोन कपाटं होतील. हंटिंग्टन आजारात स्ट्रायटम हा मेंदूच्या आतला, हालचालींशी संबंधित भाग खराब होतो. अशा रुग्णांना फिरत्या तबकडीवरचा ठिपका काठीने धरून ठेवायला शिकता येत नाही, पण मिरर ड्रॉइंग ते नीट शिकतात (१९९७चा अभ्यास). लहान मेंदूला इजा झालेल्यांना मिरर ड्रॉइंगच अवघड जातं. दोन्ही 'हाताची कौशल्यं'च, तरी यंत्रणा एक नाही.

शिवाय १९९६चा नोल्टन, मँगल्स आणि स्क्वायर यांचा हवामानाचा खेळ. चार पत्ते, प्रत्येकावर भूमितीतल्या आकृत्या. समोर आलेल्या पत्त्यांवरून 'पाऊस की ऊन' सांगायचं. प्रत्येक पत्त्याचा पावसाशी संबंध संभाव्यतेचा, म्हणून नियम पाठ करून उपयोग नाही. पहिल्या ५० फेऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण इतरांसारखेच सुधारले, पण खेळाबद्दल विचारलं तर सांगता येईना. पार्किन्सनचे रुग्ण सुधारले नाहीत, खेळाची माहिती मात्र चोख सांगितली. एकाच प्रयोगात दोन्ही दिशांचा पुरावा. तुमच्या वर्गात साध्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर हा खेळ तासाभरात होतो.

शाईपेन

उत्तम. पट्टी ६ मिमीची छापून घेते. मुलं पुढे हमखास विचारतात ते आताच विचारते. धागा हिप्पोकॅम्पसकडे, सामान कॉर्टेक्सकडे, पण पेशीत नेमकं काय बदलतं? पुस्तकात 'एलटीपी म्हणजे स्मृती' असं एका ओळीत उरकलंय. आणि आठवण काढली की ती बदलते, हे खरं का?

सांधेमोड

ती एक ओळ खोडा. एलटीपी (लाँग-टर्म पोटेन्शिएशन, म्हणजे पेशींमधल्या जोडणीची टिकून राहणारी बळकटी) ही प्रयोगशाळेत घडवलेली घटना आहे. १९७३मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी ऑस्लोत सशाच्या हिप्पोकॅम्पसकडे येणाऱ्या तंतूंना काही सेकंद वेगाने विजेचे टोले दिले, आणि त्यानंतर साध्या एका टोल्यालाही पलीकडच्या पेशींचा प्रतिसाद काही तास वाढलेला राहिला. बस. सशाने काही शिकलं नव्हतं, तो भूल दिलेला होता.

यंत्रणा फळ्यावर अशी काढा. सिनॅप्स म्हणजे दोन पेशींमधली जोडणी, ग्लुटामेट म्हणजे तिथून निरोप नेणारं रसायन. सिनॅप्सच्या पलीकडच्या बाजूला ग्लुटामेटचे दोन प्रकारचे ग्राहक. एएमपीए हा रोजचा दरवाजा. एनएमडीएच्या तोंडात मॅग्नेशियमचं बूच. ग्लुटामेट आलं पण पलीकडची पेशी आधीच उत्तेजित नसेल तर बूच निघत नाही. दोन्ही एकाच वेळी घडलं तरच बूच निघतं, कॅल्शियम आत येतं, एन्झाइमं जागी होतात आणि पृष्ठभागावर आणखी एएमपीए ग्राहक बसवले जातात. 'दोन गोष्टी एकदम घडल्या' हे ओळखणारा रेणू असा आहे. डोनल्ड हेब यांनी १९४९मध्ये कागदावर मांडलेली अट रेणूत सापडली ती इथे. हा पहिला टप्पा नवी प्रथिनं न बनवता होतो. तास उलटले तरी बदल टिकायचा तर केंद्रकातली जनुकं चालू होऊन नवी प्रथिनं लागतात. कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर हेच उलगडलं, २०००च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता हे स्मृतीशी जोडायचं कसं? मॉरिस यांनी १९८६मध्ये उंदरांच्या मेंदूत एनएमडीए बंद करणारं औषध सोडलं. गढूळ पाण्याखाली लपवलेला फलाट कुठे आहे, हे त्यांना धड शिकता येईना. पण 'बंद केलं की बिघडतं' एवढ्याने 'तेच आहे' होत नाही. फ्यूज काढला की दिवा जातो, म्हणून उजेड फ्यूजमध्ये नसतो. याच्या पुढचा पुरावा २०१४चा: उंदरांमध्ये ॲमिग्डालाकडे येणारे सिनॅप्स प्रकाशाने कमकुवत केले तर शिकलेली भीती नाहीशी झाली, तेच सिनॅप्स पुन्हा बळकट केले तर परतली.

आणि तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेतला २०१२चा प्रयोग. जनुकीय बदल केलेल्या उंदराच्या अन्नातलं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक बंद केलं की त्या काळात ज्या पेशी जोरात चालतात त्यांत प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन बनतं. त्याच काळात एका पिंजऱ्यात पायाला शॉक दिला, डॉक्सिसायक्लिन पुन्हा सुरू केलं. नंतर वेगळ्याच, निर्धोक पिंजऱ्यात हिप्पोकॅम्पसमधल्या त्याच पेशींवर निळा प्रकाश टाकला, उंदीर भीतीने थिजला. विद्यार्थी इथे 'आठवण पाहिली' असं म्हणतात. पाहिलं ते थिजणं. उंदराला काय आठवलं ते कोणी पाहिलेलं नाही.

२०१५मध्ये याच गटाने शिकल्यानंतर लगेच प्रथिननिर्मिती रोखली. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पिंजऱ्यात उंदीर फारसा घाबरला नाही, पण खुणेच्या पेशींवर प्रकाश टाकल्यावर थिजला. म्हणजे बळकटी गेली तरी कोणती पेशी कोणाशी जोडलेली याचा मागमूस उरतो, असा त्यांचा निष्कर्ष. मला हा प्रयोग एलटीपीच्या ओळीपेक्षा वर्गात जास्त मोलाचा वाटतो, कारण 'विसरलं' म्हणजे 'पुसलं' की 'सापडत नाही', हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

आठवण काढली की बदलते का? बदलू शकते. नाडर, शाफे आणि लडू, २०००. उंदराला आवाज आणि शॉक एकत्र दिले. नंतर एकदा नुसता आवाज ऐकवला आणि लगेच ॲमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारं ॲनिसोमायसिन सोडलं, भीती गेली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, काही झालं नाही. आवाजानंतर सहा तासांनी दिलं, तरी काही झालं नाही. ही दोन नियंत्रणं सांगितल्याशिवाय हा प्रयोग सांगू नका. माणसात प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं औषध देऊन असंच करायचे प्रयत्न झाले, निकाल एकसारखे आलेले नाहीत. 'वाईट आठवणी गोळीने पुसा' हे मथळे वर्गाबाहेर ठेवा.

घडीची_चौकट

वर्गात हमखास येणारे आणखी दोन अभ्यास: लंडनचे टॅक्सीचालक आणि आपल्याकडचे वेदपाठी पंडित. दोन्ही सांगा, पण शेजारी शेजारी, कारण फरक शिकण्यासारखा आहे.

२०००च्या अभ्यासात १६ चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा दिसला. पण पुढचा भाग लहान होता, हे पुस्तकं गाळतात. 'मुळातच मोठा असलेले लोक चालक होत असतील' ही शंका तेव्हा फिटली नाही. ती फिटली २०११मध्ये: ७९ शिकाऊ उमेदवार शहराचे रस्ते पाठ करण्याच्या परीक्षेआधी तपासले, त्यांतले ५९ नंतर पुन्हा तपासले, ३९ उत्तीर्ण झाले आणि वाढ फक्त त्यांच्यात दिसली.

शुक्ल यजुर्वेदाच्या २१ पंडितांची २१ इतरांशी तुलना २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल कॉर्टेक्सच्या भागांत आणि हिप्पोकॅम्पसमध्ये फरक सापडले. पण मोजणी एकदाच, पाठांतराआधीची प्रतिमा नाही. म्हणजे हा अभ्यास लंडनच्या २०००च्या पायरीवर आहे, २०११च्या नाही. 'संस्कृत पाठ केल्याने मेंदू वाढतो' असे फॉरवर्ड यावरूनच फिरतात. फरक सापडला हे खरं, पाठांतराने झाला हे त्यातून निघत नाही.

आणि मुलं विचारतील, 'मग अभ्यास कसा करू?' त्याचं सगळ्यात भक्कम उत्तर मेंदूच्या चित्रांतून आलेलं नाही, साध्या कागद-पेन्सिलच्या प्रयोगांतून आलंय. रोडिगर आणि कार्पिक, २००६: उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवला, न बघता लिहून काढणाऱ्यांना ७५. आठवड्याने तेच आकडे ४२ आणि ५६. हे दोन स्तंभ फळ्यावर काढले की घोकंपट्टीवर वेगळं बोलावं लागत नाही.

शाईपेन

सगळ्यांचे आभार. एकच शंका: शुक्रवारी सुरू केलं तर मधे शनिवार-रविवार येतो. चालेल का?

मोजपट्टी

टाळा. सलग तीन दिवसांऐवजी मधे मोठी फट आली तर दुसऱ्या बैठकीची सुरुवात थोडी वर सरकू शकते आणि मग तुमचा आलेख मिल्नर यांच्या आलेखाशी ताडता येत नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार, आणि रोज त्याच तासाला. प्रत्येक कागदावर दिवस आणि प्रयत्नाचा क्रमांक आधीच छापून घ्या; ६०० कागदांचा गठ्ठा एकदा पडला की कुठला कागद कितवा हे कोणालाच सांगता येत नाही.